शैक्षणिक वाहिन्यांवरील माहितीपर कार्यक्रमांचा ऱ्हास : ‘द लर्निंग चॅनेल’च्या वाटचालीच्या संदर्भात

प्रास्ताविक

केबल अथवा डीटीएच जोडणी असलेल्या भारतीय घरांना ‘टीएलसी’ ही वाहिनी परिचित आहे. खाद्यपदार्थ, पर्यटन, विवाहसमारंभ, घरसजावट हे तिचे विषय. या तीन अक्षरांपैकी ‘एल’ हे अक्षर ‘लर्निंग’ या शब्दाचे असून वाहिनीचे मूळ नाव ‘द लर्निंग चॅनेल’ असे होते, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. तिची जन्मकथा तर त्याहूनही अपरिचित आहे. अमेरिकेतील एका डोंगराळ व मागास प्रदेशातील शालेय शिक्षकांना प्रशिक्षण देण्याच्या शासकीय प्रकल्पातून ही वाहिनी निर्माण झाली, आणि त्या प्रकल्पासाठी वापरलेला उपग्रह पुढच्याच वर्षी भारतातील खेड्यांसाठी वापरला गेला.

शिक्षणाच्या हेतूने सुरू झालेल्या किंवा ज्ञानाच्या नावाने चालणाऱ्या वाहिन्यांवरून माहितीपर कार्यक्रम हळूहळू मागे पडत जाणे, ही गेल्या तीन दशकांतील लक्षणीय घटना आहे. तिची सर्वांत ठळक उदाहरणे अमेरिकेत आढळतात. या ऱ्हासाची चर्चा बहुधा ‘प्रेक्षकांची अभिरुची खालावली’ या एका वाक्यात आटोपली जाते. प्रस्तुत लेखात ‘द लर्निंग चॅनेल’ आणि तिच्या समकालीन ‘डिस्कव्हरी’ व ‘हिस्टरी’ या वाहिन्यांच्या आधारे हे स्पष्टीकरण तपासले आहे. कार्यक्रमाचा खर्च कोण करतो आणि वाहिनीच्या नावातले आश्वासन पाळण्याचे बंधन कोणावर असते, हे दोन प्रश्न अभिरुचीच्या प्रश्नापेक्षा अधिक उपयोगाचे आहेत, असे या वाटचालीवरून दिसते. भारतातील शैक्षणिक प्रसारणाची स्थिती निराळी असल्याने तिचा विचार शेवटी स्वतंत्रपणे केला आहे.

‘माहितीपर’ या संज्ञेविषयी

येथे एका संज्ञेचा खुलासा आवश्यक आहे. ‘माहितीपर कार्यक्रम’ म्हणजे ज्यातील विधाने पडताळून पाहता येतात, ज्यात ती विधाने कोणत्या आधारावर केली आहेत हे सांगितले जाते आणि ज्यातील तज्ज्ञ आपल्या विधानांना उत्तरदायी असतात असा कार्यक्रम, असा अर्थ येथे घेतला आहे. दूरचित्रवाणी उद्योगात मात्र ‘फॅक्च्युअल’ या शब्दाचा अर्थ याहून बराच सैल आहे. ज्यात लिहून दिलेली संहिता नाही आणि व्यावसायिक अभिनेते नाहीत, असे जवळजवळ सर्व काही या वर्गात बसते. धूमकेतूंवरील माहितीपटही ‘फॅक्च्युअल’ आणि एखाद्या मोठ्या कुटुंबातील रोजची भांडणे दाखवणारी मालिकाही ‘फॅक्च्युअल’च. ऱ्हासाची बरीचशी प्रक्रिया या सैल शब्दाच्या आडोशाने घडली. कोणत्याही वाहिनीने ‘आजपासून आम्ही ज्ञान देणे बंद केले’ अशी घोषणा केली नाही. तशी आवश्यकताही पडली नाही.

एक उपग्रह, दोन देश

अमेरिकेच्या अवकाश संस्थेने, म्हणजे नासाने, ‘एटीएस-६’ हा उपग्रह ३० मे १९७४ रोजी सोडला. सुमारे ९ मीटर व्यासाची, छत्रीसारखी उघडणारी ॲन्टेना हे त्याचे वैशिष्ट्य होते. उपग्रहावरची ॲन्टेना मोठी असल्याने जमिनीवर लहान व स्वस्त ॲन्टेना पुरे, असे हे साधे गणित होते. पहिल्या वर्षी या उपग्रहाचा उपयोग अमेरिकेतील दुर्गम भागांच्या शिक्षण व आरोग्यासाठी करण्यात आला. त्यापैकी एक भाग म्हणजे पूर्वेकडील ॲपलेशिया. कोळशाच्या खाणी, डोंगर, विखुरलेली वस्ती आणि दारिद्र्य यांमुळे तेथील शिक्षकांना विद्यापीठापर्यंत पोहोचणे अवघड जात असे. वाचन-अध्यापन व व्यवसाय मार्गदर्शन या विषयांचे अभ्यासक्रम उपग्रहाद्वारे त्यांच्यापर्यंत नेण्यात आले. त्यामागे नासा आणि अमेरिकेचे तत्कालीन आरोग्य, शिक्षण व कल्याण खाते होते.

१९७५ मध्ये हाच उपग्रह पूर्वेकडे सरकवण्यात आला. डॉ. विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये झालेल्या करारानुसार १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात भारतात ‘साइट’ हा उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोग पार पडला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा व राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी त्यात समाविष्ट होती. तारेच्या जाळीच्या सुमारे ३ मीटर व्यासाच्या ॲन्टेना आणि सामुदायिक संच यांच्या साहाय्याने सकाळी शाळकरी मुलांसाठी व संध्याकाळी प्रौढांसाठी कार्यक्रम दाखवले जात. सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञान अध्यापनाचे प्रशिक्षण या माध्यमातून देण्यात आले. या प्रयोगाची धुरा अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राकडे होती आणि केंद्राचे संचालक होते प्रा. यशपाल. पुढे १९८६ ते १९९१ या काळात तेच विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, हा या कथेतील योगायोग म्हणता येणार नाही. शिक्षण आणि प्रसारण यांचा एकत्र विचार करणारी माणसे त्या काळात थोडी होती आणि तीच दोन्हीकडे दिसतात.

वर्ष संपले, उपग्रह अमेरिकेकडे परतला आणि दोन्ही प्रकल्पांचे मार्ग वेगळे झाले. दोन्हीकडे आरंभी एकच गोष्ट समान होती : खर्च शासनाचा, प्रेक्षक ठरलेला आणि कार्यक्रम यशस्वी झाला की नाही हे ठरवण्याची कसोटी शिकण्याशी निगडित. शिक्षकाला विषय समजला का, एवढाच प्रश्न विचारला जाई. किती लोकांनी पाहिले, हा प्रश्न दुय्यम होता.

नाव राहिले, पैसा बदलला

ॲपलेशियाच्या प्रकल्पातून उभी राहिलेली प्रसारण संस्था १९८० मध्ये शासकीय छत्राबाहेर पडली आणि ‘द लर्निंग चॅनेल’ हे नाव तिने धारण केले. प्रौढांसाठी महाविद्यालयीन अभ्यासक्रम, घरदुरुस्ती, पाककृती, लहान व्यवसायाचे मार्गदर्शन असे तिचे आरंभीचे स्वरूप होते. नीरस पण प्रामाणिक, असे त्याचे वर्णन करता येईल. १९९१ मध्ये ‘डिस्कव्हरी’ने ही वाहिनी विकत घेतली.

या खरेदीबरोबरच ऱ्हास सुरू झाला, असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. उलट १९९० च्या दशकाचा पूर्वार्ध हा या वाहिनीचा सर्वांत संपन्न काळ होता. विज्ञान व तंत्रज्ञानाच्या इतिहासाची अनपेक्षित सांगड घालणाऱ्या जेम्स बर्क यांच्या ‘कनेक्शन्स’ या मालिकेचा दुसरा भाग १९९४ मध्ये व तिसरा १९९७ मध्ये याच वाहिनीवरून प्रसारित झाला. अभिजात ग्रंथांवरील ‘ग्रेट बुक्स’ आणि प्राचीन जीवसृष्टीवरील ‘पॅलिओवर्ल्ड’ याच काळातील. १९९२ मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठी सकाळचे काही तास जाहिरातींविना राखून ठेवण्यात आले होते. खाजगी मालकी आणि चांगला कार्यक्रम यांचे वैर असतेच, हे गृहीतक येथे टिकत नाही.

बदल आला तो १९९८ नंतर. प्रसूती आणि विवाह यांसारख्या प्रसंगांवरील मालिका दिवसाच्या वेळात दिसू लागल्या. २००० मध्ये ‘ट्रेडिंग स्पेसेस’ सुरू झाली. दोन शेजाऱ्यांनी दोन दिवसांत एकमेकांच्या घरातील एक खोली सजवायची, एवढाच हा खेळ. मूळ कल्पना बीबीसीच्या एका मालिकेची होती. या मालिकेला लाभलेल्या प्रचंड प्रेक्षकवर्गाने वाहिनीची दिशाच ठरवून टाकली. ‘लाइफ अनस्क्रिप्टेड’ हे घोषवाक्य आले, पूर्ण नाव मागे पडून अक्षरे तेवढी उरली. २००७ मध्ये सुरू झालेली, जुळी आणि षट्जुळी मुले असलेल्या दांपत्याची ‘जॉन अँड केट प्लस एट’ पुढे या वाहिनीवर आली आणि २०१२ मध्ये बालसौंदर्यस्पर्धेतील एका लहान मुलीच्या कुटुंबावरील मालिका. शिक्षकांच्या प्रशिक्षणापासून येथपर्यंतचे अंतर ४० वर्षांपेक्षाही कमी आहे. भारतात ‘डिस्कव्हरी ट्रॅव्हल अँड लिव्हिंग’ या नावाने २००४ मध्ये आलेली वाहिनी २०१० मध्ये ‘टीएलसी’ झाली; म्हणजे भारतीय प्रेक्षकाला ती भेटली तीच ‘लर्निंग’ गळून पडल्यानंतर.

‘हिस्टरी’ या वाहिनीचा प्रवास अधिक वेगाने झाला. १ जानेवारी १९९५ रोजी ती सुरू झाली तेव्हा दुसऱ्या महायुद्धावरील माहितीपटांचा इतका भरणा होता की, प्रेक्षक तिला थट्टेने ‘हिटलर चॅनेल’ म्हणत. २००७ मध्ये बर्फाच्या रस्त्यांवरून मालमोटारी चालवणाऱ्यांची ‘आइस रोड ट्रकर्स’ आली, २००९ मध्ये लास वेगासमधील गहाणवट दुकानावरील ‘पॉन स्टार्स’ आली. दुसऱ्या मालिकेबाबत थोडा न्याय करायला हवा. दुकानात आलेली जुनी बंदूक किंवा नाणे यांचा इतिहास तज्ज्ञ सांगतो, आणि तो बऱ्याचदा नेटका असतो. पण प्रसंगाचा कळस असतो तो वस्तूची किंमत ठरण्याचा. इतिहास येथे भाव ठरवण्यापुरता येतो.

अर्थकारणाची यंत्रणा

अमेरिकेतील केबल वाहिनीचे उत्पन्न दोन मार्गांनी येते. केबल कंपनी प्रत्येक ग्राहकामागे दरमहा ठरावीक रक्कम वाहिनीला देते, आणि जाहिरातदार प्रेक्षकसंख्येच्या प्रमाणात पैसे मोजतात. ग्राहकाने वाहिन्यांचा संपूर्ण गठ्ठा घेतलेला असल्याने पहिला ओघ प्रेक्षक वाहिनी पाहतो की नाही यावर अवलंबून नसतो. एके काळी अमेरिकेत सुमारे १० कोटी घरे असे शुल्क भरत होती. हा ओघ वाढत होता तोवर एखाद्या वाहिनीला मोजक्या प्रेक्षकांसाठी गंभीर कार्यक्रम करणे परवडत होते. किंबहुना गठ्ठ्यात स्थान मिळवण्यासाठी ‘आमच्याकडे ज्ञान आहे’ असे सांगता येणे लाभाचे होते. वाहिन्यांची संख्या शेकड्यांत गेल्यावर हा लाभ आटला. प्रत्येक वाहिनीला जाहिरातीकडे आणि जाहिरातदारांना प्रिय असलेल्या १८ ते ४९ या वयोगटाकडे वळावे लागले.

दुसरे कारण निर्मितीच्या पद्धतीत आहे. विज्ञान वा इतिहासावरील एका तासाच्या माहितीपटासाठी संशोधक, अभिलेखागारांतील चित्रफितींचे हक्क, तज्ज्ञांच्या मुलाखती, प्रवास आणि विधानांची पडताळणी यांवर महिनोन्‌महिने खर्च होतो. एवढे करून तो एकदाच ‘नवा’ असतो, आणि पुढच्या आठवड्यातील माहितीपटाशी त्याचा काही संबंध नसतो. ज्वालामुखीवरील कार्यक्रम आवडलेला प्रेक्षक पुढच्या आठवड्यात मौर्य साम्राज्यासाठी परत येईल, याची खात्री कोण देणार? कुटुंबावरील किंवा दुकानावरील मालिकेत मात्र पात्रे तीच, जागा तीच. संहितालेखक नाहीत, अभिनेत्यांचे मानधन नाही. एका चित्रीकरणातून अनेक भाग निघतात. पात्रांची सवय लागलेला प्रेक्षक आपोआप परत येतो. जाहिरातदाराला विकता येते ती ही सवय. माहितीपट उत्सुकतेवर चालतो आणि मालिका सवयीवर, असा हा फरक आहे.

या रेट्याचा परिणाम शिल्लक राहिलेल्या माहितीपटांवरही झाला. एका तासाच्या कार्यक्रमातून जाहिराती वगळता सुमारे ४४ मिनिटे उरतात. जाहिरातीपूर्वी ‘पुढे काय घडणार’ याची चुणूक आणि जाहिरातीनंतर ‘आतापर्यंत काय घडले’ याची उजळणी, हा नियम रूढ झाल्यावर त्यातलीही कित्येक मिनिटे गेली. मधूनच वाहिनी लावणाऱ्या प्रेक्षकाला कार्यक्रम समजला पाहिजे, या अटीमुळे तर्काची दीर्घ साखळी उभारणे अशक्य झाले. ज्या विषयाचे प्रतिपादन दहा मिनिटे सलग ऐकावे लागते, तो विषय या चौकटीत मावत नाही.

अभिरुचीच्या युक्तिवादाविरुद्ध एक पुरावा येथे नोंदवण्याजोगा आहे. सप्टेंबर १९९० मध्ये केन बर्न्स यांची अमेरिकन यादवी युद्धावरील मालिका पीबीएस या सार्वजनिक प्रसारण जाळ्यावरून दाखवली गेली. जुनी छायाचित्रे, पत्रांचे वाचन आणि इतिहासकारांची निवेदने एवढ्याच सामग्रीवर उभी असलेली ही अकरा तासांहून अधिक लांबीची मालिका सुमारे ४ कोटी लोकांनी पाहिली. गंभीर इतिहासाला प्रेक्षक नाही, असे यानंतर म्हणणे कठीण आहे. अडचण वेगळीच आहे : असा प्रेक्षक दर आठवड्याला, कमी खर्चात मिळत नाही. मनोरंजन आणि ज्ञान यांचाही विरोध गृहीत धरण्याचे कारण नाही. २००३ मध्ये ‘डिस्कव्हरी’वर सुरू झालेल्या ‘मिथबस्टर्स’मध्ये स्फोट भरपूर होते, आणि गृहीतक मांडून ते प्रयोगाने तपासण्याची शिस्तही होती.

माहितीपटाच्या वेषातील कल्पित

कार्यक्रम हलकेफुलके झाले एवढेच घडले असते, तर प्राध्यापकवर्गाने या विषयाकडे काणाडोळा केला तरी चालले असते. पण २०१० नंतर प्रकरण पुढे गेले. ‘डिस्कव्हरी’ समूहाच्या ‘ॲनिमल प्लॅनेट’ वाहिनीने मे २०१२ मध्ये मत्स्यकन्यांच्या अस्तित्वाचा ‘शोध’ माहितीपटाच्या शैलीत दाखवला. शास्त्रज्ञ म्हणून दिसणाऱ्या व्यक्ती अभिनेते होत्या. लोकांकडून इतकी विचारणा झाली की, अमेरिकेच्या राष्ट्रीय महासागर व वातावरण प्रशासनाला जलचर मानवाचा कोणताही पुरावा सापडलेला नाही, असे जाहीर निवेदन काढावे लागले. पुढच्या वर्षी त्याचा दुसरा भाग आला आणि तो सुमारे ३६ लाख लोकांनी पाहिला.

ऑगस्ट २०१३ मध्ये स्वतः ‘डिस्कव्हरी’ने आपल्या १९८८ पासून चालत आलेल्या शार्क सप्ताहाचा आरंभ ‘मेगालोडॉन’वरील कार्यक्रमाने केला. ही महाकाय शार्क ३० लाखांहून अधिक वर्षांपूर्वी नामशेष झालेली आहे. ती अजून जिवंत असल्याचा देखावा येथेही अभिनेते व बनावट चित्रफिती यांच्या साहाय्याने उभारला होता, आणि सूचना होती ती अखेरीस क्षणभर झळकणारी, संदिग्ध शब्दांतली. प्रेक्षकसंख्या सुमारे ४८ लाख. शास्त्रज्ञांनी तीव्र निषेध केला. जानेवारी २०१५ मध्ये वाहिनीचे नवे अध्यक्ष रिच रॉस यांनी असे कार्यक्रम यापुढे होणार नाहीत, असे जाहीर केले. बाहेरच्या कोणत्याही नियमाने ही सुधारणा घडवली नव्हती, हे ध्यानात ठेवावे लागेल.

याहून अधिक टिकाऊ ठरला तो दुसरा प्रकार. ‘हिस्टरी’वरील ‘एन्शंट एलियन्स’ ही मालिका २०१० पासून चालू झाली. प्राचीन वास्तू परग्रहवासीयांनी वा त्यांच्या मदतीने उभारल्या, हे तिचे सूत्र. येथे खोटे पुरावे क्वचितच लागतात; काम भागते ते प्रश्नार्थक वाक्यांवर. ‘असे असू शकेल काय?’ या प्रश्नाचे खंडन करता येत नाही, कारण त्यात विधानच नसते. पडताळणीची कसोटी चुकवण्याची ही अत्यंत कार्यक्षम पद्धत आहे. वेरूळचे कैलास लेणे मानवी हातांना अशक्य होते, अशा छापाच्या ध्वनिचित्रफिती समाजमाध्यमांतून फिरतात, त्यांची भाषा हीच आहे. आठव्या शतकातील राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्याशी या लेण्याचा असलेला संबंध, वरून खाली खोदत येण्याची पद्धत, शेजारच्या लेण्यांतून दिसणारी कारागिरांची परंपरा, हे सारे अशा एका प्रश्नचिन्हाने झाकले जाते. इतिहासाच्या वर्गात विद्यार्थी असा प्रश्न घेऊन येतो तेव्हा त्याने तो ‘हिस्टरी’ नावाच्या वाहिनीच्या भाषेत ऐकलेला असतो. नावाचे वजन येथे जाणवते.

नावाचे बंधन कोणावर?

अमेरिकेत हवेतून प्रक्षेपण करणाऱ्या केंद्रांना शासनाचा परवाना लागतो, कारण ती सार्वजनिक मालकीची कंपनलहर वापरतात. १९९० च्या बालदूरचित्रवाणी कायद्यानुसार त्यांच्यावर मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम देण्याची जबाबदारी आली आणि १९९६ च्या नियमांनी आठवड्याला ३ तासांचे प्रमाण ठरवले. केबल वाहिनीला मात्र असा परवाना लागत नाही. तिने नावात ‘लर्निंग’ घालावे की ‘हिस्टरी’, आणि त्याखाली काय दाखवावे, हा तिचा व्यापारी निर्णय असतो. औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठीला जे कायदेशीर मूल्य आहे, ते वाहिनीच्या नावाला नाही.

सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रसारणाने हा भार काही प्रमाणात पेलला. पीबीएसवरील ‘नोव्हा’ ही विज्ञानमालिका १९७४ पासून चालू आहे. ब्रिटनमध्ये मुक्त विद्यापीठाचे बीबीसीवरील व्याख्यानवजा कार्यक्रम १९७१ मध्ये सुरू होऊन २००६ अखेर थांबले; परंतु विद्यापीठाने तो पैसा ‘कोस्ट’, ‘फ्रोझन प्लॅनेट’ यांसारख्या मुख्य वेळेतील मालिकांच्या सहनिर्मितीकडे वळवला. मात्र हाही आधार कायमचा नाही. १९६७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अमेरिकन सार्वजनिक प्रसारण महामंडळाचा सुमारे १.१ अब्ज डॉलरचा आधी मंजूर झालेला निधी तेथील संसदेने जुलै २०२५ मध्ये काढून घेतला, आणि पुढच्या महिन्याच्या आरंभीच महामंडळाने कामकाज आटोपते घेत असल्याचे जाहीर केले.

‘डिस्कव्हरी’चे संस्थापक जॉन हेंड्रिक्स यांनी १९८५ मध्ये वाहिनी सुरू केली ती माहितीपटांसाठी. २०१४ मध्ये ते तेथून निवृत्त झाले आणि २०१५ मध्ये त्यांनी ‘क्युरिऑसिटी-स्ट्रीम’ ही इंटरनेटवरील सेवा सुरू केली. जाहिराती नाहीत, फक्त माहितीपट, आणि खर्च वर्गणीदारांचा. आपल्याच वाहिनीतून जे बाहेर पडले ते वेगळ्या अर्थव्यवस्थेत पुन्हा उभे करण्याचा हा प्रयत्न होता. वर्गणी भरणाऱ्या जिज्ञासूची सोय त्यामुळे झाली. सहज वाहिन्या चाळताना अवचित एखाद्या विषयापाशी थबकणारा प्रेक्षक मात्र तेथे पोहोचत नाही.

भारतीय अनुभव : कार्यक्रम राहिले, प्रेक्षक गेला

भारतात शैक्षणिक प्रसारण शासनाच्याच हाती राहिले, त्यामुळे येथे ‘टीएलसी’ घडले नाही. इन्सॅट-१ बी हा उपग्रह १९८३ मध्ये सोडला गेल्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने डॉ. माधुरी शहा अध्यक्ष असताना १५ ऑगस्ट १९८४ रोजी दूरदर्शनवरून ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू केले. पुणे विद्यापीठातील शैक्षणिक माध्यम संशोधन केंद्रासारखी केंद्रे विविध विद्यापीठांत उभी राहिली आणि कार्यक्रम तेथे तयार होऊ लागले. हे कार्यक्रम अभ्यासक्रमाला बांधलेले नव्हते. लहान गावातील विद्यार्थ्याला आपल्या विषयाबाहेरचे जग दिसावे, हा हेतू होता. त्यातील पुष्कळसे खऱ्या अर्थाने माहितीपट होते. त्यांची भाषा इंग्रजी असल्याने ज्यांच्यासाठी ते होते त्यांपैकी अनेकांना ते समजत नसत, ही त्यांची उणीव उघड आहे.

१९९३ मध्ये या केंद्रांच्या समन्वयासाठी शैक्षणिक संप्रेषण संकुल (सीईसी) स्थापन झाले. पुढे ‘ज्ञानदर्शन’ (२६ जानेवारी २०००), ‘व्यास’ (२६ जानेवारी २००४) आणि केवळ शिक्षणासाठी वाहिलेला ‘एज्युसॅट’ उपग्रह (सप्टेंबर २००४) अशी साधने वाढत गेली. ९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयंप्रभा’ या योजनेचे ३२ वाहिन्यांसह उद्‌घाटन झाले. संख्या नंतर आणखी वाढली. प्रत्येक वाहिनीवर रोज किमान ४ तासांची नवी सामग्री आणि तिचे आणखी ५ वेळा पुनःप्रक्षेपण, अशी तिची रचना आहे.

येथे एक बदल सहज नजरेतून सुटतो. तास वाढले, वाहिन्या वाढल्या. पण कार्यक्रमाचा प्रकार पालटला. ‘कंट्रीवाइड क्लासरूम’मधील माहितीपटाची जागा अभ्यासक्रमनिहाय व्याख्यानाने घेतली. कॅमेऱ्यासमोर उभे राहून घटक शिकवणारे अध्यापक आणि बाजूला सरकती पारदर्शिका, हे आता शैक्षणिक कार्यक्रमाचे प्रमाणरूप झाले आहे. चोवीस तास भरून काढायचे असतील तर हाच मार्ग स्वस्त पडतो. अमेरिकेत जे काम कुटुंबमालिकेने केले, तेच येथे ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानाने केले, असे म्हणणे कोणाला कठोर वाटेल; व्याख्यानातील माहिती खरी असते, हा मोठा फरक आहेच. परंतु प्रयोगशाळेबाहेर, शेतात, उत्खननाच्या जागी, कारखान्यात कॅमेरा नेण्याचे जे बळ या माध्यमात आहे, ते दोन्हीकडे वापराविना पडले. परीक्षेपुरते व्याख्यान विद्यार्थी हव्या त्या वेळी भ्रमणध्वनीवर पाहू शकतो, तेव्हा ठरावीक वेळेला दूरचित्रवाणी संचासमोर बसण्याचे कारणही त्याला उरलेले नाही.

दुसरीकडे सर्वसामान्य प्रेक्षकासाठी असलेला सार्वजनिक माहितीपर कार्यक्रमही आक्रसला. श्याम बेनेगल यांची ५३ भागांची ‘भारत एक खोज’ (१९८८), प्रा. यशपाल ज्यात प्रेक्षकांच्या विज्ञानविषयक प्रश्नांना उत्तरे देत ते ‘टर्निंग पॉइंट’ आणि १९९० च्या दशकातील ‘सुरभि’ यांना राष्ट्रीय वाहिनीवर जी मध्यवर्ती जागा होती, ती खाजगी वाहिन्यांच्या आगमनानंतर तशा कार्यक्रमांना मिळाली नाही. पुण्याची ‘बालचित्रवाणी’ १९८४ मध्ये सुरू झाली होती. मराठीतून शालेय कार्यक्रम निर्माण करणारी ही संस्था बंद करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०१७ मध्ये घेतला; ‘स्वयंप्रभा’चे उद्‌घाटन झाले तेही त्याच वर्षी.

‘कंट्रीवाइड क्लासरूम’च्या काळात महाविद्यालयांना दूरचित्रवाणी संच पुरवण्यात आले होते. दुपारच्या प्रक्षेपणाच्या वेळी विद्यार्थ्यांना त्या संचासमोर बसवायचे, तर वेळापत्रकात तेवढा तास मोकळा ठेवावा लागे, आणि कार्यक्रमानंतर चर्चा घेणारा अध्यापक लागे. जेथे हा तास ठेवला गेला तेथे कार्यक्रम पाहिले गेले. जेथे ठेवला गेला नाही तेथे संच कपाटात राहिला. अध्यापकाच्या कार्यभाराच्या गणनेत अशा तासाला तेव्हाही स्थान नव्हते.